ऐंशी टक्क्यांच्या आड

चि. मानसीस,


शाळेवर रुजू झालीस आणि तिसरीचा वर्ग मिळाला, हे वाचून बरं वाटलं. पट २५, महिन्याची सरासरी हजेरी ८० टक्के, आणि ‘आपल्या भागात हे चांगलंच म्हणायचं’ असं मोठ्या गुरुजींचं मत. तुलनेपुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत भेटीच्या दिवशी पटावरच्या चार मुलांमागे साधारण तीनच हजर होती. पण सरासरीवरून एकाही मुलाची खबर लागत नाही. पाच मुलं महिनाभर फिरकली नाहीत आणि बाकीची वीस रोज आली, तरी ८० टक्के; पंचविसांनीही दर पाचव्या दिवशी दांडी मारली, तरी ८० टक्केच. दुखणी दोन, औषधं वेगळी. तेव्हा टक्केवारी वर कळवून झाली की हजेरीपत्रक आडवं वाच, एकेका नावापुढची ओळ धरून. बाजाराच्या वारी कोणाचे रकाने रिकामे आहेत, सुटीला जोडून कोण गायब होतं, धाकटं भावंड घरी असलं की कोणती मुलगी येत नाही, हे तिथे दिसतं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास ठरवून दिलेत. आठवड्याचे सहा दिवस धरले आणि मुलाने फक्त बाजाराचा दिवस बुडवला, तरी वर्षाचे ३३ दिवस गेले. चौथी संपेतो १३२. म्हणजे पालकाच्या लेखी ‘एखाद्या दिवसाने काय होतंय’ आणि मुलाच्या खात्यावर चार वर्षांत अर्ध्याहून जास्त वर्ष वजा. तरी माझं खरं म्हणणं या बेरजेच्या पुढचं आहे. प्राथमिक वर्गातले सगळे दिवस सारख्या वजनाचे नसतात. तिसरीत तू बावन्नातून सत्तावीस वजा करायला शिकवशील. दोनातून सात जात नाहीत, म्हणून दहा काड्यांचा एक गठ्ठा सोडायचा, बाराच्या बारा काड्या समोर मांडायच्या आणि त्यांतल्या सात उचलायच्या. हे काम दोन दिवसांचं. त्या दोन दिवसांत जो नव्हता, तो सातातून दोन काढतो, पाचातून दोन काढतो आणि ३५ लिहून मोकळा होतो. त्याला आपलं चुकलंय असं वाटतही नाही. पुढे वर्ग तीन अंकी वजाबाकीकडे जातो, मग सुट्या पैशांच्या उदाहरणांकडे, आणि प्रत्येक ठिकाणी त्याचं उत्तर चुकतं. बुडाले दोन दिवस, पण नुकसान सबंध सत्राचं.

याहून वाईट पुढे होतं. आठ वर्षांचं पोर ‘बाई, मला हे येत नाही’ असं सहसा सांगत नाही. ते शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं. फळ्यावर बोलावतील या धास्तीने सकाळी त्याचं पोट दुखायला लागतं, आणि आई भाबडेपणाने त्याला घरी ठेवते. अशी एका गैरहजेरीतून दुसरी निघते. नंतर आपण ‘याचं अभ्यासात लक्षच नाही’ असा शेरा मारतो, म्हणजे परिणामालाच कारण ठरवतो. म्हणूनच पहिल्या दोन-तीन दिवसांतच हालचाल करायला हवी. महिनाअखेरीच्या टक्केवारीपर्यंत थांबलीस तर फार उशीर झालेला असेल.

‘बुडालेलं घरी भरून काढता येतं’ असं तुला ऐकवलं जाईल. शिकलेल्या आईबापांच्या घरी, शिकवणी लावलेली असेल तिथे, काही प्रमाणात येत असेलही. पण कोरोनाकाळात शाळा बंद राहिल्या तेव्हा काय झालं ते पाहा. ‘असर’नुसार तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता, त्यांचं देशपातळीवरचं प्रमाण २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होतं, २०२२ मध्ये ते २० च्या आसपास आलं आणि २०२४ मध्ये पुन्हा २७ वर गेलं. शाळा बंद झाली तेव्हा उतरलं, शाळा नीट भरू लागल्यावर चढलं. तुझ्या वर्गात तांड्यावरची मुलं आहेत, घरात बंजारा बोली बोलणारी. त्यांच्या कानावर पुस्तकातली मराठी शाळेतच पडणार. त्यांनी घरून काय भरून काढायचं?

आता याच आकड्यांतून निघणारा जास्त टोकदार आक्षेप. चांगल्या वर्षीही तिसरीतल्या चारांतल्या जवळजवळ तिघांना दुसरीचा उतारा वाचता येत नसेल, तर शाळेत येऊन उपयोग काय? हे अगदी रास्त आहे, आणि खिचडी खाऊन परत जाणाऱ्या मुलाची हजेरी लावून आपण शिक्षण केलं असं मानू नये. पण मूल समोर असेल तर तुझी शिकवण्याची पद्धत बदलता येते. मूलच नसेल तर काय बदलशील? कायद्याच्या कलम २४ मध्येही शिक्षकाच्या कर्तव्यांची सुरुवात त्याच्या स्वतःच्या नियमित व वेळेवर हजर राहण्याने होते. पालकांना भेटून मुलाच्या हजेरीबद्दल सांगणं त्याच यादीत पुढे येतं. हा क्रम मला फार योग्य वाटतो. निवडणूक आणि जनगणनेची कामं तुला चुकणार नाहीत, कायद्यानेच ती सूट ठेवली आहे. मात्र बाकीच्या दिवशी दहाला कुलूप उघडलेलं दिसलं नाही, तर पालकांना बोलायचा अधिकार उरत नाही.

तुझी शाळा बीड जिल्ह्यात असल्याने ऊसतोडीचा प्रश्न तुझ्या दाराशीच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणी मजुरांचे कोयते निघाले की लेकरंही गाडीत बसतात. याला आईबापांचा निष्काळजीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. मागे सांभाळायला कोणी नसेल तर पोर कुठे ठेवणार? इथे उपदेशाचा काही उपयोग नाही, वेळेवर केलेली व्यवस्थाच कामी येते. गावात आजी-आजोबा आहेत का, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव गेला का, जाणाऱ्या मुलाच्या हाती तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड दिलं का, हे गाड्या हलण्याआधी पाहावं लागतं. तशी गरिबीवर मलमपट्टी आपल्याकडे पुष्कळ झाली. १९९२ पासून गरीब घरच्या मागासवर्गीय मुलींना हजेरीसाठी दिवसाला एक रुपया भत्ता ठरला. बुडणाऱ्या मजुरीपुढे तो रुपया किती, ते आईलाच विचार.

तापाने फणफणलेलं मूल मात्र घरीच राहू दे. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस लावून आजारी पोरांना वर्गात ओढू नकोस.

सोमवारपासून एवढं कर: सलग दुसऱ्या दिवशी जे मूल आलं नाही, त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जा. जाब विचारायला नको. वर्गात काय झालं ते सांग, आणि उद्या आल्यावर पहिली दहा मिनिटं त्याच्यासाठी राखून ठेव.

तुझा,
काका