नियमित शारीरिक हालचाल : आरोग्याचे खरे भांडवल

आमच्या आधीच्या पिढीने शेतात, गिरणीत, रस्त्याच्या कामावर शरीर झिजविले. त्या कष्टांमुळेच आम्ही शिकलो व खुर्चीवर बसलो. ही प्रगतीच होय. परंतु बैठ्या जीवनाबरोबर मधुमेह, रक्तदाब व हृदयविकारही घराघरांत शिरले. म्हणून या विषयाचा विचार आपण करू या.

बैठे काम आणि हृदयविकार यांचा संबंध दाखविणारा एक महत्त्वाचा पुरावा लंडनच्या दुमजली बसगाड्यांत मिळाला. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालक आणि वाहक यांची तुलना केली. दोघे एकाच गाडीवर कामाला. पण चालक बहुतेक वेळ बसून, तर वाहक दिवसभर जिने चढउतार करणारा. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाहकांना हृदयविकार कमी होत होता आणि झाला तरी तो सौम्य असे.

येथे शंका येईल की, चालक मुळातच स्थूल असतील तर? मॉरिस यांनाही ती आली. त्यांनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांची कंबर खरोखरच मोठी आढळली. म्हणून ते तेथे थांबले नाहीत. पुढे बैठे काम करणाऱ्या सरकारी नोकरांचा अभ्यास केला. फावल्या वेळात जोमदार व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकार कमी दिसला. यावरून बोध असा की, काम बैठे असले तरी उरलेला वेळ आपल्या हाती आहे.

हालचालीने नेमके काय होते? काम करणारे स्नायू रक्तातील साखर वापरतात व इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. हृदय बळकट होते, रक्तदाब उतरण्यास मदत होते. हाडे मजबूत राहतात, झोप चांगली लागते आणि मनाची उदासीनता कमी होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल सांगितली आहे. म्हणजे आठवड्यातील पाच दिवस किमान अर्धा तास भरभर चालणे. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, हीच गती योग्य. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे हवीत. दहावीचे वर्ष आले की आपण मुलांचा खेळ बंद करतो, हे म्हणूनच चुकीचे आहे. भगिनींनीही घरकाम संपल्यावर स्वतःसाठी चालण्याचा वेळ मागून घ्यावा आणि घरच्यांनी तो आनंदाने द्यावा.

हृदयविकार किंवा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेऊन हळूहळू सुरुवात करावी. यास फी नाही, यंत्र नाही. कष्टाने मिळविलेले शिक्षण व नोकरी उपभोगण्यासाठी शरीर धड हवे. तेव्हा उद्यापासून नव्हे, आज संध्याकाळपासूनच चालू लागू या!