रविवारच्या आत वाच

मिरज,
गुरुवार, रात्री साडेदहा

चि. नंदूस,


दुपारी अक्काचा फोन आला होता. तुझी परीक्षा, मेसचं जेवण, खोलीतले ढेकूण असं सगळं सांगून झाल्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "अरे, नंदूच्या त्या गाण्याच्या डबीत आईचा फोल्डर दिसेनासा झालाय म्हणे. रविवारी त्याचा कुणी मित्र फॉरमॅट मारून देणाराय, मग गाणी नव्यानं भरायची." एवढं बोलून तिनं "बरं, कुकर झालाय" म्हणत फोन ठेवलासुद्धा. मी दुकानात स्टुलावर बसलो होतो तो बसूनच राहिलो. समोरचं गिऱ्हाईक मोबाइलचं कव्हर मागत होतं, त्याला मी चार्जर काढून दिला.

तुला लगेच "थांब" असं लिहून पाठवलं. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी दोनदा फोन केला, तोही उचलला नाहीस. म्हणून हा कागद. शेजारचे काका पहाटे पुण्याला निघतायत, त्यांच्या हाती देतोय. तसंही फोनवर मी ओरडतो आणि तू "हो मामा, हो मामा" करून मोकळा होतोस.

आधी एकच सांगतो, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. फॉरमॅट मारू नकोस. मित्र कितीही हुशार असो, कॉम्प्युटर पडद्यावर कितीदाही विचारो, मारू नकोस. प्लेअर बंद कर, कार्ड बाहेर काढ आणि प्लेअर पुन्हा चालू करून बघायचा मोह आवर. यातले बरेच प्लेअर चालू झाले की गाण्यांची यादी नव्यानं बांधतात आणि ती कार्डावरच लिहून ठेवतात. आत्ता त्या कार्डावर कुणी एक अक्षरही लिहायला नको आहे मला.

गाण्यांचं मला काही नाही रे. चारशे गाणी पुन्हा कुठूनही मिळतील. पण 'रेकॉर्ड' फोल्डरातल्या त्या एकेचाळीस फायली कुठं मिळणार? सहावीत असताना तू ती डबी घेऊन आजीच्या मागं मागं स्वयंपाकघरात फिरायचास. मेतकुटाचं प्रमाण, जात्यावरच्या ओव्या, भाजीवालीशी घासाघीस, संध्याकाळची रामरक्षा. एका फायलीत तर ती मलाच बोलतेय, दुकान वेळेवर बंद करत नाही म्हणून. त्याचा तेव्हा मला राग आला होता. आई जाऊन येत्या भाद्रपदात तीन वर्षं होतील. तिचा आवाज आपल्या घरात दुसरीकडे कुठंही नाही.

आता काय झालं असावं ते सांगतो. अक्का म्हणाली, गेल्या आठवड्यात कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात नोट्स छापायला तू पेनड्राइव्हऐवजी हाच प्लेअर लावलास. नंदू, अरे, दिवसाला शंभर पोरांचे पेनड्राइव्ह ज्या मशीनला लागतात, तिथं आजीला नेऊन बसवलंस! माझ्या दुकानात अशी कार्डं पोत्यानं आली आहेत. खरे फोल्डर गायब, त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट. लोकांना वाटतं, सगळं उडालं. उडालेलं काही नसतं. व्हायरस फोल्डरवर दोन खुणा मारतो, एक 'लपलेला' आणि दुसरी 'सिस्टीमचा'. म्हणून विंडोजमध्ये नुसतं 'हिडन आयटम्स'वर टिक करून भागत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये सिस्टीमच्या संरक्षित फायली लपवण्याची जी टिक असते, तीही काढावी लागते. ती काढली की फिकट रंगातले फोल्डर दिसायला लागतात. शॉर्टकटवर मात्र चुकूनही डबल क्लिक करायचं नाही. त्यानं व्हायरस तुझ्या लॅपटॉपात शिरतो.

माझं निदान बरोबर आहे की नाही, हे एका आकड्यावरून कळेल. कार्ड ३२ जीबीचं आहे. प्रॉपर्टीजमध्ये किती जागा भरलेली दिसते ते बघ. फोल्डर दिसत नाहीत पण वीस-बावीस जीबी भरलेलेच आहेत, असं असेल तर आजी जागेवर आहे, नुसती पडद्याआड गेलीय. कार्ड रिकामं दाखवत असेल, किंवा कॉम्प्युटर "आधी फॉरमॅट करा" म्हणत असेल, तर दुखणं वेगळं. तेव्हा कार्डाची अनुक्रमणिकाच बिघडलेली असते. कॉपी चालू असताना वायर उपटली की हे होतं, आणि वायर उपटायची तुझी सवय मला ठाऊक आहे. दिवाळीत माझ्यासमोर दोनदा उपटलीस. इजेक्ट म्हणायला तीन सेकंद लागतात रे!

पण या दुसऱ्या दुखण्यातही फॉरमॅट हा उपाय नव्हे. "स्कॅन अँड फिक्स" हाही नव्हे. त्यानं कार्ड दुरुस्त होतं, फायलींचं काय होईल ते सांगता येत नाही. अनाथ तुकडे एका फोल्डरात टाकून त्यांना सीएचके असं शेपूट लावून विंडोज मोकळं होतं.

हे कसं चालतं ते एकदा समजून घे, म्हणजे मी उगाच घाबरवतोय असं वाटणार नाही. आपला जुना वाडा आठव. प्रत्येक खोलीच्या दारावर बिऱ्हाडाची पाटी होती. कार्डावर फाइल डिलीट केली म्हणजे फक्त पाटीवरचं पहिलं अक्षर खोडलं जातं आणि खोली मोकळी आहे अशी नोंद होते. माणसं सामानासकट आतच असतात. क्विक फॉरमॅट म्हणजे सगळ्या पाट्या एकदम उतरवणं. तरीही माणसं आतच. ती बाहेर कधी पडतात? नवा भाडेकरू सामान घेऊन आला की. तू नव्यानं गाणी भरणार ना, ते नवे भाडेकरू. आणि तुझ्या मित्रानं 'क्विक'वरची टिक काढून पूर्ण फॉरमॅट मारलं, तर विस्टापासूनच्या विंडोजमध्ये सगळ्या कार्डावर शून्यं लिहिली जातात. मग वाडाच पाडल्यासारखं.

आवाज पुसल्यानं जात नाही, वरून दुसरं लिहिल्यानं जातो. हे मला कॉम्प्युटर शिकून कळलेलं नाही. कसं कळलं ते तुला कधी सांगितलं नाही. अक्काला ठाऊक आहे, पण तीही बोलत नाही.

१९८७ साली मी तुझ्याएवढाच होतो. घरी टू-इन-वन होता. अक्कानं अप्पांना, म्हणजे तुझ्या आजोबांना, बसवून एक कॅसेट केली होती. अप्पा शाळामास्तर. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी सगळं एका लयीत म्हणायचे. पुढंमागं नातवंडं होतील त्यांना ऐकवायचं, असं अक्काच्या मनात होतं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन बारके चौकोन असायचे. ते तोडले की रेकॉर्डचं बटण दबायचं नाही. अक्कानं ते मुद्दाम तोडून ठेवले होते. पण भोकावर सेलोटेप चिकटवला की बटण पुन्हा दबतं, हे मला माहीत होतं. तेवढीच माझी हुशारी.

५ नोव्हेंबरला वानखेडेवर वर्ल्ड कपची सेमीफायनल होती, आपली आणि इंग्लंडची. रेडिओवरची कॉमेंट्री भरून ठेवायची हुक्की आली, कोरी कॅसेट घरात नव्हती. अप्पा बाहेर ओसरीवर पेपर वाचत बसले होते. माणूस घरात असताना त्याच्या आवाजाची काय किंमत? मी सेलोटेप लावला. त्या दिवशी गूचनं स्वीप मारून मारून ११५ काढले आणि आपण ३५ धावांनी हरलो. पुढच्या मार्चमध्ये अप्पा गेले. दिवसकार्य झाल्यावर अक्कानं कॅसेट काढली, लावली, आणि प्रेक्षकांचा गोंगाट ऐकू आला.

ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

पण बाजूच्या शेवटी सामन्याचा आवाज 'खट्' करून तुटतो, आणि अडीचकीच्या मध्यातून अप्पा सुरू होतात. तिथपर्यंत माझं रेकॉर्डिंग पोचलं नव्हतं. जेमतेम दोन मिनिटं आहेत. पुढं मी कॅसेटी भरून द्यायचं दुकान काढलं, नंतर त्याच दुकानात मेमरी कार्डं भरून दिली. लोकांना वाटलं धंदा म्हणून. आमच्या मिरजेत गाणं शिकणारी मुलं गुरूच्या तालमीच्या कॅसेटी कॉपी करायला आणायची, तेव्हा मी आधी त्यांचे चौकोन तोडायचो आणि मगच पुढचं बोलायचो.

म्हणून मला फॉरमॅट हा शब्द सोसत नाही. तुझ्या मित्राचं बोट आणि माझा तो सेलोटेप, मला एकच दिसतं.

आणि चूक फक्त तुझी असं तरी कुठल्या तोंडानं म्हणू? जगाला "दोन प्रती ठेवा" म्हणून सांगणारा मी. दिवाळीत डबी तासभर माझ्या हातात होती. गाणी १, १०, ११, २ अशी लागतात म्हणून तू कुरकुरत होतास, तर मी नावांपुढं शून्यं लावायला शिकवलं, ०१, ०२, ०३. देवनागरी नावांचे चौकोन दिसतात म्हणून नावं बदलून दिली. त्याच तासात 'रेकॉर्ड' फोल्डर माझ्या कॉम्प्युटरवर ओढून घ्यायला पाच मिनिटं लागली असती. नाही घेतला. खरं सांगू? तो फोल्डर उघडायचा मला धीर झाला नाही. आई बोलायला लागली असती.

आता काय करायचं ते ऐक. कार्ड मोठ्या ॲडॉप्टरमध्ये घाल. त्याच्या कडेला एक बारीक खिट्टी असते, ती 'लॉक' लिहिलेल्या बाजूला सरकव. मग बहुतेक रीडर त्यावर लिहू देत नाहीत. नाहीतर कार्ड लावल्या लावल्या विंडोज स्वतःचाच एक फोल्डर तिथं करून ठेवतं. हे कॅसेटचे चौकोन तोडण्यासारखंच आहे, फक्त इथं सेलोटेप लावायचा नाही. मग वर सांगितलेल्या टिका बदलून फोल्डर दिसतात का ते बघ. दिसले तर 'रेकॉर्ड' तेवढा लॅपटॉपवर कॉपी कर, दोन-चार फायली वाजवून बघ आणि मला फोन कर. मध्यरात्र असली तरी कर.

नाही दिसले तर पुढं काही करू नकोस. कार्ड कागदात गुंडाळून घेऊन ये. मी आधी सबंध कार्डाची जशीच्या तशी प्रत काढीन आणि प्रयोग त्या प्रतीवर करीन. फोटोरेक नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे. तो पाट्या बघतच नाही, खोल्या उघडून आत कोण आहे ते बघतो. आजीच्या फायली वेव्ह आहेत, त्यांची सुरुवात ठरावीक असते, त्यामुळं त्या ओळखू येतात. सापडलेलं सगळं तो दुसऱ्या डिस्कवर काढून देतो. त्यात नावं मात्र राहत नाहीत. 'मेतकूट', 'आजी रागावली' अशी तू दिलेली नावं जातील आणि नुसते आकडे येतील. आवाज राहील. मग आपण दोघं ओसरीवर बसून एकेक फाइल ऐकू आणि पुन्हा नावं देऊ. मला एकट्याला ते जमणार नाही, तू शेजारी हवास.

आणि हे पत्र पोचायच्या आत फॉरमॅट मारून झालं असेल, तर? मगाशी तू फोन उचलला नाहीस तेव्हापासून माझ्या मनात तेच आहे. झालं असेल तर घाबरू नकोस, आणि आमच्यापासून लपवू नकोस. गाणी भरू नकोस एवढंच. क्विक असेल तर बरंचसं परत मिळतं. काहीच मिळालं नाही, तरी तू ये. मी रागावणार नाही, आणि अक्काला मी सांगेन. आपल्या घरात आवाज पुसणारा पहिला मी आहे, तुला बोलायचा हक्क मला नाही. उलट आजीच्या मागं डबी घेऊन फिरायचं सुचलं ते तुलाच. आम्हा मोठ्यांपैकी कुणाला सुचलं नव्हतं.

आलास की अप्पांची ती दोन मिनिटं तुला ऐकवतो. कॅसेट मी टाकलेली नाही. नातवंडांसाठीच भरली होती ती.

परीक्षा नीट दे. ढेकणांसाठी गादी उन्हात टाक.

तुझा,
मामा

ता. क. खिट्टी 'लॉक'कडे सरकवलीस का? एकदा पुन्हा बघ.