व्यसनमुक्तीच्या सभा : सुरतेतील मराठी कुटुंबांसाठी काही माहिती

सुरत आणि खानदेश यांचा संबंध जुना आहे. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या सुरत-भुसावळ लोहमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली आणि उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झाली. यंत्रमागावरील लांब पाळ्या, गावापासून झालेली ताटातूट आणि थकवा घालविण्याचा सोपा वाटणारा मार्ग यांमुळे त्यांतील काही कमावते हात दारूच्या आहारी जातात. मजुरी गुत्त्यावर संपते आणि त्याची झळ बायकामुलांना व गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना लागते.

कायदा आणि भीती

मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ साली झाला. १९६० मध्ये गुजरात राज्य स्थापन झाल्यावरही तेथे दारूबंदी कायम राहिली. परवान्यावाचून दारू पिणे हा तेथे गुन्हा आहे. त्यामुळे व्यसनी मनुष्य चोरून पितो, आणि उपचार घ्यावयाचे झाले तरी आपले नाव उघड होईल या भीतीने मागे सरतो. चोरटी दारू तर प्राणघातकही ठरते. जुलै २०२२ मध्ये बोटाद जिल्हा व लगतच्या भागात मिथेनॉलमिश्रित दारूने चाळीसहून अधिक माणसे दगावली. अशा परिस्थितीत नाव-गाव न विचारणारी सभा हा मोठा आधार होय.

सभेची मूळ कल्पना

१९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन हा दलाल व डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, हे दोघे मद्यासक्त एकमेकांशी बोलून दारूपासून दूर राहिले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. भारतातही तिचे समूह अनेक शहरांत चालतात. सभासद होण्यास एकच अट असते : दारू सोडण्याची इच्छा. वर्गणी नाही, नोंदवही नाही; खर्चासाठी सभासद स्वखुशीने जे देतील तेवढेच.

महाराष्ट्रात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. व सुनीता देशपांडे यांचे त्यास साह्य लाभले. उपचार संपल्यावरही माणसाला सोबतीची गरज असते, हे ओळखून तेथेही समूहसभांना महत्त्व दिले गेले.

सभेत काय घडते ?

सभा साधारणतः तास-दीड तास चालते. एकेक जण आपले पहिले नाव सांगून स्वतःचा अनुभव कथन करतो. मध्ये कोणी बोलत नाही, उपदेश करीत नाही, तुच्छतेने पाहत नाही. नवख्याने नुसते ऐकून घेतले तरी चालते. ‘आजचा एक दिवस प्यायची नाही’ एवढाच निश्चय केला जातो. काही सभा खुल्या असतात, त्यांस नातेवाईक जाऊ शकतात. काही केवळ व्यसनग्रस्तांसाठी असतात. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून ‘अल-ॲनॉन’ ही निराळी संघटना आहे.

या सभा म्हणजे केवळ भाबडी समजूत नव्हे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २७ अभ्यास तपासण्यात आले. अखंड दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत या पद्धतीने अन्य प्रस्थापित उपचारांपेक्षा चांगले फळ दिल्याचे त्यात आढळले.

आधी वैद्य, मग सभा

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास हातपाय थरथरणे, घाम, झोप न येणे ही लक्षणे दिसतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते. पुढे भ्रम होऊन जीवही धोक्यात येतो. म्हणून अशा माणसाला घरात कोंडून ठेवू नये. गावी पाठवून ‘आपोआप सुटेल’ असेही मानू नये. मजुरा गेटजवळील नवीन सिव्हिल रुग्णालय अथवा महानगरपालिकेचे ‘स्मिमेर’ रुग्णालय येथील मानसोपचार विभागात त्यास प्रथम दाखवावे.

सभा कशी शोधावी ?

केंद्र शासनाच्या १४४४६ या निःशुल्क व्यसनमुक्ती दूरध्वनीवर किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चौकशी करावी. मानसोपचार विभागातही विचारावे. जाण्यापूर्वी सभेचा वार, वेळ, भाषा आणि ती खुली आहे की कसे, हे विचारून घ्यावे. पाळी आड येत असल्यास दुसऱ्या वेळेची सभा शोधावी. एका सभेत मन रमले नाही तर दुसरीस जावे. एकदोन सभांवरून निर्णय करू नये. पुन्हा घोट घेतला गेला तरी लाजून घरी बसू नये. त्या दिवशी सभेची गरज अधिकच असते.

सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळांतील शिक्षकांस मुलांच्या गैरहजेरीवरून घरची अवस्था कळते. त्यांनी आईस हे क्रमांक द्यावेत. मुलासमोर बापाची निंदा करू नये. खानदेशातील सरपंच, ग्रामसेवक व आशा कार्यकर्त्या यांनी सुट्टीवर आलेल्या कामगारांस ही माहिती सांगावी. व्यसन हा आजार आहे आणि त्यातून बाहेर पडलेली माणसे आपल्यासारखीच आहेत, एवढा विश्वास बसला की सभेच्या दारापर्यंतची वाट सोपी होते.