स्वाक्षरी आणि किल्लीची राखण

दोन संगणकांत सुरक्षित संभाषण सुरू होण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळावे लागते : पलीकडे जो आहे, तो खरोखर तोच कशावरून? हे उत्तर अंकीय स्वाक्षरी देते. खाजगी किल्लीने स्वाक्षरी करावयाची आणि तिच्या जोडीच्या जाहीर किल्लीने कोणीही ती पडताळावयाची, अशी ही पद्धत आहे. खाजगी किल्ली चोराच्या हाती पडली, तर तो आपल्या नावाने वावरू शकतो. म्हणून किल्ली कोठे ठेवावी, याला फार महत्त्व आहे.

पुष्कळदा ती संभाषण चालविणाऱ्या आज्ञावलीच्याच स्मृतीत ठेवलेली असते. यातील धोका एप्रिल २०१४ मध्ये जगापुढे आला. ओपनएसएसएल या लायब्ररीतील, म्हणजे तयार आज्ञावलींच्या संग्रहातील, ‘हार्टब्लीड’ नावाच्या दोषामुळे परक्याला सर्व्हरच्या स्मृतीतील सुमारे ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर एका वेळी वाचता येत असे. त्यात खाजगी किल्लीही सापडू शके.

वास्तविक लायब्ररीला किल्ली नको असते. तिला हवी असते ती स्वाक्षरी. ग्नूटीएलएस या लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्यांत हाच विचार करून एक सोय केलेली होती. आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतःचे एक फंक्शन नेमून द्यावयाचे. स्वाक्षरीची वेळ आली की लायब्ररी त्याला हाक मारी आणि मजकुराचा ठरावीक लांबीचा गोषवारा त्याच्या स्वाधीन करी. अशा फंक्शनला कॉलबॅक म्हणतात. ते हा गोषवारा स्मार्ट कार्डाकडे पाठवू शके. कार्ड आतल्या आत स्वाक्षरी करून केवळ तीच बाहेर देई. किल्ली जागची हलत नसे. काम साधल्यास फंक्शनने शून्य हा अंक परत करावयाचा. पुढे तिसऱ्या मालिकेत अशी फंक्शने खाजगी किल्लीच्या वस्तूलाच जोडण्याची पद्धत आली. तत्त्व मात्र बदलले नाही.

या व्यवस्थेलाही मर्यादा आहे. हा गोषवारा कोणत्या हेतूने आला, हे कार्डाला कळत नाही. सर्व्हरमध्ये शिरलेला चोर तेथे असेपर्यंत स्वाक्षऱ्या करवून घेऊ शकतो. परंतु त्याला हुसकावल्यावर तो किल्ली बरोबर नेऊ शकत नाही. शिक्का पळविला जाणे आणि तो काही काळ दुसऱ्याने वापरणे, यांत जेवढे अंतर आहे, तेवढे येथे पदरात पडते. आणि ते थोडे नव्हे.