अर्धांगवायूनंतरचे पुनर्वसन आणि सायकल

अर्धांगवायूचा रुग्ण वाचून घरी परतला म्हणजे उपचार संपले, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः पुनर्वसनाचे मोठे काम तेथून पुढे सुरू होते. मेंदूतील मृत पेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु मेंदूचे इतर भाग सातत्याच्या सरावाने त्यांचे काही कार्य अंगावर घेऊ शकतात. सायकल चालविणे हा अशा सरावाचा एक उपयुक्त प्रकार होय.

पायडल मारताना दोन्ही पाय आळीपाळीने वाकतात व सरळ होतात. शरीराचा भार मात्र बैठकीवर असतो. त्यामुळे चार पावलांत थकणाऱ्यासही अधिक वेळ व्यायाम करता येतो. हृदय व फुफ्फुसांची क्षमता वाढते. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१४ मध्ये अशा रुग्णांसाठी आठवड्यातून ३ ते ५ दिवस, दर वेळी २० ते ६० मिनिटे दमश्वासाच्या व्यायामाची शिफारस केली. चालण्याच्या सरावाला मात्र सायकल हा पर्याय नव्हे.

क्रमाक्रमाने शिक्षण

आरंभ स्थिर सायकलीवर करावा. दुर्बल पाऊल पट्ट्याने पायडलला बांधावे आणि सारे काम सशक्त पायच करीत नाही ना, याकडे लक्ष द्यावे. त्यानंतर मोकळ्या मैदानात तीनचाकी सायकल द्यावी. मैदानात वळणे, थांबणे, अंतर जोखणे यांमुळे नजर, अवधान व निर्णयशक्ती यांनाही व्यायाम घडतो. हाताची पकड कमी असल्यास दोन्ही ब्रेक सशक्त हाताकडे बसवून घ्यावेत. दुचाकी सायकल हा शेवटचा टप्पा. प्रत्येकाने तो गाठलाच पाहिजे असे नाही.

दक्षता

डॉक्टरांची अनुमती व रक्तदाबाची तपासणी अनिवार्य आहे. छातीत दुखणे, चक्कर वा धाप लागल्यास तत्काळ थांबावे. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या काही रुग्णांचे डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात. अशा रुग्णास रस्त्याची कड किंवा पादचारी ध्यानात येत नाही. हा दोष तपासल्याविना कोणासही रहदारीत सोडू नये.

गावाचा सहभाग

शाळेचे मैदान सुटीनंतर रिकामे असते. ग्रामपंचायतीने ते सकाळ-संध्याकाळ खुले करावे, एखादी तीनचाकी सायकल उपलब्ध करावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत भौतिकोपचारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळवावे. अंथरुणास खिळलेला माणूस पुन्हा स्वतःच्या बळावर शेताकडे वा बाजाराकडे निघतो, तेव्हा त्याच्याबरोबर त्याचे कुटुंबही सावरते.