ऋतू का बदलतात?



"उन्हाळा का येतो?" असे विचारले की पुष्कळजण चटकन सांगतात, "पृथ्वी सूर्याच्या जवळ येते म्हणून." चांगले शिकलेले लोकही हेच सांगतात. उत्तर सोपे आहे, मनाला पटतेही. पण ते खरे नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर आणि बँकेत आकडेमोड करणारे. तेव्हा या उत्तराचा आकड्यांनीच ताळा घेऊन पाहू.

पृथ्वीला दोन गती आहेत. ती स्वतःभोवती फिरते, ते परिवलन. त्यामुळे दिवस-रात्र होतात. ती सूर्याभोवती फिरते, ते परिभ्रमण. सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने धावूनही एका फेरीला तिला सुमारे ३६५ दिवस ६ तास लागतात. या सहा-सहा तासांचा चार वर्षांनी एक दिवस होतो, तोच २९ फेब्रुवारी.

फेरीचा मार्ग किंचित लंबगोल आहे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सर्वांत दूर, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर जाते. म्हणजे आपण गोधडी पांघरतो, तेव्हाच सूर्य जवळ असतो! ताळा जुळत नाही. शिवाय अंतरामुळे ऋतू होत असते, तर साऱ्या जगात एकाच वेळी उन्हाळा आला असता. पण नाताळच्या दुसऱ्या दिवशी मेलबर्नला सुरू होणारी कसोटी तिथल्या भर उन्हाळ्यात खेळली जाते आणि त्याच वेळी दिल्लीत शेकोट्या पेटलेल्या असतात.

खरे कारण पृथ्वीच्या कललेल्या आसात आहे. हा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असून वर्षभर तो एकाच दिशेला, ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असतो. त्यामुळे जूनमध्ये उत्तर गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो, तर डिसेंबरमध्ये दक्षिण गोलार्ध. झुकलेल्या भागात दोन गोष्टी घडतात :

१) किरणे सरळ पडतात. बॅटरीचा झोत जमिनीवर सरळ टाकला तर लहान, प्रखर वर्तुळ दिसते. तिरपा टाकला तर तोच उजेड पसरून फिका पडतो. उन्हाचेही तसेच.

२) दिवस मोठा होतो. मुंबईत २१ जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर २२ डिसेंबरचा सुमारे अकरा तासांचा असतो.

मग जूनपेक्षा मे महिना अधिक का तापतो? कारण मुंबईत सूर्य मेच्या मध्यासच डोक्यावर येतो, आणि जूनमध्ये मोसमी वाऱ्यांबरोबर आलेले ढग ऊन अडवतात.

हे सारे केवळ आमच्या सांगण्यावरून मानू नका. एक मीटर लांबीची सरळ काठी मोकळ्या जागेत उभी रोवा आणि दुपारी साडेबाराच्या आसपास तिची सर्वांत आखूड सावली मोजा. मुंबईत ती साधारण अशी भरेल :

२२ डिसेंबर – ९२ सेंटिमीटर, उत्तरेकडे
२१ मार्च – ३४ सेंटिमीटर, उत्तरेकडे
१५ मे – सावली नाहीशी
२१ जून – ८ सेंटिमीटर, दक्षिणेकडे

जुलैच्या अखेरीस सावली पुन्हा एकदा नाहीशी होते. पण तेव्हा बहुधा ढग असतात.

हीच काठी आणखी एक गोष्ट शिकवते. उत्तरायण मकरसंक्रांतीला, जानेवारीच्या मध्यास सुरू होते असे आपण ऐकतो. प्रत्यक्षात २२ डिसेंबरनंतरच सावली आखूड होऊ लागते. पृथ्वीचा आस सुमारे २६ हजार वर्षांत एक संथ गिरकी घेतो. त्यामुळे सुमारे सतराशे वर्षांपूर्वी जुळणाऱ्या या दोन तारखांत आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. म्हणूनच डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीनुसार १९५७ साली स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेचे वर्ष ऋतूंशी जोडलेले आहे. १ चैत्र २२ मार्चला येतो, लीप वर्षी २१ मार्चला.

मित्रहो, शाळेत प्रयोगशाळा नाही म्हणून विज्ञान अडून राहत नाही. काठी, मोजपट्टी आणि वही एवढे साहित्य प्रत्येक घरात आहे. दर महिन्याच्या २१ तारखेला सावली मोजून वहीत लिहा. वर्षाअखेर त्या बारा नोंदी तुम्हाला जे सांगतील, ते पाठ करावे लागणार नाही आणि कुणाला खोडूनही काढता येणार नाही.