लांब पल्ल्याचं विमान आणि गटाची वही

रिमोटच्या विमानाचा लांब पल्ल्याचा प्रकल्प काढायचा म्हटलं की आपल्याकडची चर्चा थेट मोटर, बॅटरी आणि अँटेनावर जाते. कोणती मोटर किती ओढेल, कोणता सेट कुठवर पोचेल, यावर मंडळी रात्र रात्र जागतात. वजन कोण करणार, केलेले बदल कोण टिपून ठेवणार आणि ‘आज उडवायचं नाही’ असं म्हणायचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न मात्र सगळं सामान जमल्यावर, बहुतेकदा मैदानावर उभं राहिल्यावरच निघतात. या छंदात वावरताना माझं मत पक्कं झालं आहे, की असे प्रकल्प हवेत मोडायच्या कितीतरी आधी माणसामाणसांतल्या देवाणघेवाणीत मोडलेले असतात. पुण्यात कॉलेजांचे गट आहेत, सोसायटीतल्या मित्रांचे आहेत, बाप-लेकांच्या जोड्याही आहेत. त्यांनी लाकडाला कटर लावण्याआधी हे वाचावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

या क्षेत्रातला सगळ्यात मोठा दाखला ऑगस्ट २००३ चा आहे. मेनार्ड हिल हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले हौशी विमानकार. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी बनवलेलं ‘टॅम ५’ हे मॉडेल ९ ऑगस्टला न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरहून सुटलं, अटलांटिक ओलांडून गेलं आणि ११ ऑगस्टला आयर्लंडमध्ये क्लिफडनजवळच्या मॅनिन बीचवर उतरलं. अंतर सुमारे ३,०३० किलोमीटर, वेळ ३८ तास ५२ मिनिटं. पंखांचा विस्तार जेमतेम १.८ मीटर, इंजिन १० सीसीचं आणि इंधनासकट वजन ५ किलोच्या आत, कारण आंतरराष्ट्रीय विमान क्रीडा महासंघाची मॉडेलसाठीची मर्यादाच तेवढी होती. इंधन चार लिटरांहून कमी. उतरल्यावर टाकीत दीड-दोन औंस उरलं होतं. तासाला शंभर मिलिलिटरच्या आत खाणाऱ्या इंजिनाला ते अर्ध्या तासाच्या आसपासच पुरलं असतं. वाटेत काही तास उपग्रहाकडून ठावठिकाणा येणंही बंद झालं होतं आणि विमान गेलं असंच सगळ्यांना वाटलं होतं. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राउन या वैमानिकांनी पहिल्यांदा न थांबता अटलांटिक ओलांडला तो याच वाटेने, आणि तेही क्लिफडनपाशीच उतरले होते.

हे सगळं रोमांचक आहेच, पण गटाने काम करणाऱ्याला यातली निराळी गोष्ट जास्त उपयोगाची आहे. हिल तेव्हा सत्त्याहत्तरीत होते, त्यांची नजर जवळपास गेलेली होती आणि ऐकूही फार कमी येत होतं. मॉडेल विमानांचे अनेक विक्रम नावावर असलेल्या या माणसाला स्वतःचं विमान आकाशात दिसत नव्हतं. म्हणजे त्यांच्या डोक्यातलं आणि बोटांतलं ज्ञान दुसऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोचवल्याशिवाय प्रकल्प एक पाऊलही पुढे सरकला नसता. शिवाय एका टोकाला विमान सोडणारी माणसं आणि दुसऱ्या टोकाला ते उतरवणारी माणसं यांच्यामध्ये अख्खा महासागर होता. आयर्लंडच्या किनाऱ्यावर ट्रान्समीटर हातात घेऊन उभे असलेले हिल यांचे सोबती डेव्ह ब्राउन यांना उड्डाणाच्या वेळी केप स्पिअरला काय झालं हे प्रत्यक्ष पाहता येणं शक्यच नव्हतं. अशा वेळी ‘अरे, ते मी बदललं होतं, सांगायचं राहिलं’ या वाक्याला जागाच उरत नाही. २००२ सालचे प्रयत्न फसले, विमानं समुद्रात गेली आणि तरी पुढच्या वर्षी काम पुढे सरकलं. एकच लाडकं विमान जपत बसणाऱ्या गटाला हे जमत नाही. एकासारखं एक विमान पुन्हा बांधायचं तर आधीचं नेमकं कसं बांधलं होतं, हे कागदावर असावंच लागतं.

आपल्याकडे सांगायचं काय राहतं, याची दोन साधी उदाहरणं घेऊ. पहिलं फेलसेफचं, म्हणजे सिग्नल तुटल्यावर रिसीव्हरने काय करायचं त्या सेटिंगचं. रिसीव्हर ट्रान्समीटरशी बाइंड करताना काही सेटमध्ये त्या क्षणी स्टिक जिथे असतील तीच स्थिती फेलसेफ म्हणून साठवली जाते. थ्रॉटलची स्टिक तेव्हा अर्ध्यावर राहिली असेल, तर सिग्नल तुटल्यावर मोटर अर्ध्या जोरावर चालूच राहते आणि विमान वाऱ्याबरोबर निघून जातं. आता समजा, एकाने शुक्रवारी रात्री रिसीव्हर बदलला आणि रविवारी सकाळी दुसऱ्याने विमान उडवायला घेतलं. दोघेही हुशार, दोघेही काळजी घेणारे, तरीही ही चूक दोघांच्या मधल्या जागेतून सहज निसटते. यावरचा इलाज अगदी छोटा आहे: प्रोपेलर काढायचा, मोटर थोडी फिरवायची आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर तिथल्या तिथे थांबली पाहिजे. पण ही चाचणी आज, या रिसीव्हरवर, कोणी केली, हे गटाच्या वहीत सहीनिशी असल्याशिवाय ती झाली असं धरू नये.

दुसरं उदाहरण गुरुत्वमध्याचं, म्हणजे सीजीचं. साध्या शेपटीच्या विमानाचा सीजी पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव ते तिसऱ्या हिश्श्यात ठेवतात. पंख २४ सेंटिमीटर रुंद असेल, तर पुढच्या कडेपासून ६ ते ८ सेंटिमीटरवर. लांब पल्ल्यासाठी कोणीतरी मोठी लायपो बॅटरी आणतो, ती जागेत मावत नाही म्हणून दोन बोटं मागे सरकवतो, दुसरा जीपीएस शेपटीकडे चिकटवतो, तिसरा पंखाला टेपचा आणखी एक थर देतो. प्रत्येकाची भर किरकोळ आणि प्रत्येकाचं कारण पटण्यासारखं. सगळ्यांचं मिळून विमान शेपटीकडे जड होतं आणि हातातून सुटताच नाक वर करून स्टॉल होतं. म्हणून वजनाची वही एकाच माणसाकडे असावी, आणि हा माणूस शक्यतो पायलट नसावा. सुटा भाग विमानाला लागण्याआधी काट्यावर चढलाच पाहिजे, आणि शेवटी बॅटरीसकट विमान दोन बोटांवर तोलून तो आकडा त्याच पानावर लिहिला पाहिजे. ५ किलोची मर्यादा पाळणाऱ्यांना ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब ठेवावाच लागतो. आपल्याला महासंघाची मर्यादा नसली, तरी तोलाची मर्यादा सुटलेली नाही.

नोंदीचं महत्त्व मराठी माणसाला तर वेगळं सांगायला नको. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली मुंबईत चौपाटीवर मानवरहित विमान उडवलं, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. ते यंत्र किती वजनाचं होतं, किती उंच गेलं, किती वेळ हवेत राहिलं, कोणी मोजलं, याची विश्वासार्ह समकालीन नोंद समोर आलेली नाही. त्यामुळे तळपद्यांच्या कर्तृत्वावर वाद घालण्यापलीकडे आपल्या हातात काही उरत नाही. त्यांच्या धडपडीतून पुढच्या माणसाला एक मापही उचलता येत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ‘टॅम ५’ची गोष्ट मात्र विक्रम म्हणून नोंदली गेली आणि तिच्यातली मापं आज कोणालाही तपासता येतात.

यावर तरुण मुलांचा पहिला आक्षेप असतो की काळ बदलला. हिल यांच्या गटाला जे घडवायला वर्षं लागली, ते ऑटोपायलटचं बोर्ड आता घरबसल्या मागवता येतं, मग एवढा पसारा कशाला? आक्षेप खरा आहे, पण अर्धा. ऑटोपायलट स्वस्त झाला तशी बिघडण्याची जागा सरकली. पूर्वी यंत्र चुकायचं, आता बहुधा सेटिंग चुकतं: कंपास मोटरच्या तारांजवळ बसवलेला असतो, घरी परतायची उंची समोरच्या टेकडीपेक्षा कमी दिलेली असते, किंवा एकाने लॅपटॉपवर बदललेला आकडा दुसऱ्याला ठाऊकच नसतो. यंत्र दिलेला हुकूम निमूटपणे पाळतं. हुकूम कोणी आणि कधी दिला, हे माहीत नसणं हीच त्यातली जोखीम आहे, आणि ती घालवायला वहीच लागते.

रेडिओचंही असंच. बाहेरून मागवलेली लांब पल्ल्याची टेलिमेट्री पुष्कळदा अमेरिकेतल्या ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातली असते. आपल्याकडे या भागात मोबाइल सेवा चालते. भारतात विनापरवाना वापरासाठी मोकळा आहे तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा, तोही ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत. सामान मागवणाऱ्याने हे पाहिलं असेल, असं बाकीचे गृहीत धरतात. मागवणारा समजतो की रेडिओवाला पाहील.

आता मुख्य अडचण. अटलांटिकसारखं उड्डाण हौस म्हणून भारतात करता येणार नाही, हे स्वच्छ समजून घ्यावं. २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाची व्याख्याच अशी आहे की त्याचं वजन २५ किलोच्या आत हवं, उपयोग शिक्षण, संशोधन, रचना, चाचणी किंवा विरंगुळा एवढाच हवा आणि ते नजरेच्या टप्प्यातच उडवलं पाहिजे. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे पूर्वपरवानगी न लागणाऱ्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा १२० मीटर आहे. ‘टॅम ५’ सुमारे ३०० मीटरवरून गेलं. पुण्यात तर लोहगावला हवाई दलाचा तळ आणि नागरी विमानतळ एकत्र, खडकवासल्याला एनडीए, हडपसरला ग्लायडिंग सेंटर, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा. लोहगावभोवती विमानतळाच्या निर्बंधांचं १२ किलोमीटरचं कडं काढलं तरी शहराचा मोठा भाग त्यात येतो. ‘मग सासवडच्या पठारावर किंवा कोकणात जाऊन गुपचूप उडवू’ असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच विचारतो, की नजरेआड गेलेलं दोन किलोचं विमान कोणाच्या शेतात, कोणाच्या डोक्यावर पडेल हे तुम्ही कसं ठरवणार? नियम जाचक वाटला तरी त्यामागचा हा प्रश्न रास्त आहे. शिवाय नियमाबाहेर केलेल्या उड्डाणाची नोंद जाहीर करता येत नाही, म्हणजे ज्यातून दुसऱ्यांनी शिकायचं तेच लपवावं लागतं.

माझ्या मते पुण्याच्या गटांनी लांब पल्ला धरावा, पण तो नजरेच्या टप्प्यात. ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी व्यवस्थेच्या नकाशावर हिरवी दिसणारी जागा निवडावी, दोन खांब रोवावेत आणि ५०० मीटरच्या फेऱ्या माराव्यात. अशा १३० फेऱ्या म्हणजे ६५ किलोमीटर, रस्त्याने पुण्याहून लोणावळ्याला जाण्याइतकं अंतर. ताशी ४० किलोमीटरने दीड तासाहून थोडं जास्त लागतं. एका पायलटची नजर आणि मान इतका वेळ टिकत नाही, तेव्हा पायलट बदलावा लागतो, आणि तो बदल ही या प्रकल्पातली खरी परीक्षा असते. ट्रान्समीटर देणाऱ्याने मोठ्याने सांगायचं: फेरी कितवी, बॅटरी किती व्होल्टवर, ट्रिम कुठे, वारा कोणीकडून. घेणाऱ्याने ते जसंच्या तसं म्हणून दाखवायचं आणि ‘माझ्याकडे’ असं म्हटल्यावरच देणाऱ्याने हात सोडायचा. फेऱ्या मोजणारा वेगळा, आकाशाकडे पाहणारा वेगळा, कारण घारी या विमानांवर झडप घालतात आणि संक्रांतीच्या सुमाराला पतंगांचा मांजा कुठेही तरंगत असतो. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ यासाठी उत्तम. मार्चनंतर दुपारच्या थर्मलमध्ये विमान वर खेचलं जातं आणि बॅटरीचा हिशेब बिघडतो.

‘एवढी शिस्त लावली तर छंदातली मजा जाईल, त्यापेक्षा एका जाणत्याच्या हाती सगळं द्यावं,’ असा दुसरा आक्षेप येतो. मजा जाते, हे मला पटत नाही. वही दहा मिनिटं घेते, मोडलेला पंख दोन शनिवार-रविवार खातो. जाणत्याचं म्हणणं मात्र गांभीर्याने घेण्यासारखं आहे. अनुभवी माणूस हवाच, पण त्याला ‘नाही’ म्हणणारं कोणीतरी हवं. गटातल्या सगळ्यात धाकट्या मुलीनेही ‘एलेरॉन उलटं हलतंय’ म्हटलं तर विमान खाली ठेवायचं, मग दादा कितीही वर्षं उडवत असोत. स्टिक उजवीकडे नेली की उजवं एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी, वर गेलंच पाहिजे. हे पाहायला अनुभव लागत नाही, पाहणारं आणि बोलू दिलेलं माणूस लागतं.

राहता राहिली जागा. शहर वाढतं तशी मोकळी मैदानं जात आहेत आणि ज्वारी काढल्यानंतरचं एखादं सपाट रान हाच गटाचा आधार ठरतो. रानाच्या मालकाला आधी भेटावं, कोणत्या दिवशी किती माणसं येणार ते सांगावं, पिकाची नासधूस झाली तर भरपाई कोण देणार हे लिहून द्यावं, जाताना प्रोपेलरचे तुकडे आणि फुगलेल्या बॅटऱ्या उचलून न्याव्यात. अटलांटिक ओलांडणाऱ्या विमानाचं पूर्ण नाव ‘स्पिरिट ऑफ बट्स फार्म’ होतं. बीचर बट्स यांनी चाचण्यांसाठी आपलं शेत हिल यांच्या गटाला वापरू दिलं होतं, म्हणून.